मांडीवरचा प्रवासी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तिचे लोण पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी पोहोचले. या व्यासपीठांवरून वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषयांचा ऊहापोह झालेला आहे. अशा परंपरेत 'तान्ह्या मुलांचा विमानप्रवास' हा विषय फलकावर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. हा विषय आजीबाईच्या बटव्यात शोभावा, व्याख्यानात कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यांना आमचे उत्तर एवढेच, की लोकशिक्षण म्हणजे केवळ थोर विषयांची चर्चा नव्हे. घरोघरी जो प्रश्न उभा राहतो आणि ज्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडून दिलेले असते, त्यावर चार माणसांत बसून विचार करणे हेही लोकशिक्षणच आहे.

आणि हा प्रश्न आता खरोखरच घरोघरचा झाला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या इवल्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या, प्रवासी नव्हते. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला पहिले भारतीय विमान गेले, त्यात ३५ प्रवासी होते आणि त्यांत संस्थानिकांचा भरणा होता. विमान म्हणजे राजेरजवाड्यांचे वाहन, अशीच तेव्हाची समजूत होती. पण २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेडहून हैदराबादला स्वस्त दराच्या सरकारी योजनेतले विमान उडाले आणि शेतकऱ्याचा मुलगाही त्या जिन्यावर पाय ठेवू लागला. आज आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली लेक बाळंतपणानंतर बंगळुरूला किंवा दिल्लीला आपल्या घरी जाते ती विमानाने. कॅलिफोर्नियातला नातू आजी-आजोबांच्या मांडीवर बसायला येतो तोही विमानानेच. निघताना बाळंतविड्याची तयारी चोख असते. दुपटी, झबली, टोपडी सगळे मोजून घेतलेले असते. पण त्या पोलादी पाखराच्या पोटात बाळाच्या शरीराचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच झालेला असतो. तो आज करू.

प्रथम हवेविषयी. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जाते. तेथली हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभरात शुद्ध हरपून बसेल. म्हणून विमानाच्या आत यंत्राने हवा कोंडून दाब वाढवतात. पण हा दाब जमिनीइतका ठेवत नाहीत. तसा ठेवायचा तर विमानाचे कवच फार जाड आणि जड करावे लागेल. तेव्हा आत साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तशी हवा राखतात. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे पाऊणपट असतो. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे विमानात बसलेले बाळ आईच्या मांडीवरून न हलता कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेले असते.

यात भिण्यासारखे काही आहे काय? निरोगी बाळाला नाही. उटकमंडला सात हजार फुटांवर मुले जन्मतात आणि धडधाकट वाढतात. रक्तातला प्राणवायू विमानात थोडा उतरतो, तो निरोगी फुप्फुसाला सहन होतो. परंतु जे मूल अपुऱ्या दिवसांचे आहे, ज्याला जन्मल्यावर बराच काळ प्राणवायूवर ठेवावे लागले, ज्याच्या हृदयात जन्मतः दोष आहे, किंवा ज्याला नुकताच न्यूमोनिया होऊन गेला, त्याला हा पाऊणपट दाब जड जाऊ शकतो. अशा मुलाचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. तिकीट काढून झाल्यावर विचारणे हे लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखे आहे. अगदी नवजात बालकाने पहिला आठवडा तरी विमानात बसू नये, आणि निकड नसेल तर दोन-तीन महिने थांबावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. कारण विरळ हवा एवढेच नाही. इतक्या लहान जिवाला शेदोनशे माणसांच्या खोकल्यात आणि शिंकांत नेऊन बसवणे शहाणपणाचे नसते, हेही आहे.

विमानातल्या हवेचा दुसरा गुण म्हणजे तिचा कोरडेपणा. आपल्याकडे भर उन्हाळ्यातही हवेत जेवढा ओलावा असतो, त्याहून कमी तेथे असतो. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे, वरचे खाणाऱ्याला घोटघोट पाणी द्यावे, आणि आईनेही पाणी पीत राहावे.

आता कानाकडे येऊ. कारण विमानात मूल रडते त्याचे एक मोठे कारण कानात असते. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना किंवा उतरताना कानाला दडे बसतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. आवंढा गिळला की 'टक्' असा आवाज होऊन कान मोकळा होतो. याचे कारण असे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी कुपी असते आणि तिथून घशाच्या मागे एक बारीक नळी उतरते. सोळाव्या शतकात युस्टाची नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तिला त्याचेच नाव पडले आहे. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना एक चिमुकला स्नायू तिला ओढून उघडतो आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो.

विमान वर जाते तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो. आतली हवा आपोआप नळीतून निसटते. त्यामुळे चढताना त्रास थोडा. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि मऊ नळी दाबाने अधिकच मिटते. ती गिळल्यावाचून उघडत नाही. मोठ्या माणसाची नळी लांब, रुंद आणि उतरती असते. तान्ह्याची आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. घाटात आपण दोन हजार फूट उतरतो. विमानातली हवा पंचवीस-तीस मिनिटांत सात-आठ हजार फुटांची उतरण उतरते. मोठा माणूस चॉकलेट चघळतो, जांभई देतो. बाळाला यातले काही ठाऊक नसते. त्याला फक्त दुखते, आणि त्याच्या हाती असलेला एकच उपाय ते करते. ते टाहो फोडते. रडतानाही हुंदक्यांबरोबर गिळणे होतेच, आणि नळी उघडते. म्हणजे ज्या रडण्याला आपण कंटाळतो, ते त्या जिवाचे औषधच असते.

यावर उपाय साधा आहे. बाळाला उतरण्याच्या वेळी पाजावे. पुष्कळ आया विमान सुटतानाच भरपेट पाजतात आणि उतरताना पोट भरलेले म्हणून मूल तोंड फिरवते. तसे करू नये. पोटात थोडी जागा ठेवावी. विमान उतरू लागल्याची सूचना मिळाली, म्हणजे जमीन अजून सुमारे अर्धा तास लांब असली, की बाळाला छातीशी घ्यावे किंवा बाटली द्यावी. झोपलेले असेल तर हलकेच उठवावे. 'झोपलेल्या बाळाला उठवू नये' हा घरचा नियम येथे लागू पडत नाही. कारण झोपेत गिळणे कमी होते आणि बाळ जागे होते ते दुखूनच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाण्याचा पेला किंवा चघळायला मनुका द्याव्यात. आणि मुलाला कडक सर्दी असेल, कान वाहत असेल किंवा दुखत असेल, तर डॉक्टरांनी पाहिल्यावाचून विमानात नेऊ नये. सुजलेली नळी गिळूनही उघडत नाही.

आता आम्ही थोड्या कठोर विषयाकडे वळतो. दवाखान्यात येणारे आईबाप दबकत एक प्रश्न विचारतात: 'डॉक्टर, प्रवासात शांत झोपेल असे काही औषध लिहून देता का?' प्रश्नामागचा संकोच आम्हांला कळतो. परक्यांच्या नजरा चुकवायच्या असतात. पण या मागणीचा इतिहास आपल्याच मुंबईत घडलेला आहे. १९२० च्या सुमारास गिरणगावातल्या कामगार आया पाळीला जाण्यापूर्वी तान्ह्या लेकरांना अफू घातलेली 'बाळागोळी' देत. मूल दिवसभर निपचित पडून राही. आई दुष्ट नव्हती. मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते आणि गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नव्हता. त्या गोळीने किती कोवळे जीव खुरटले याची खंत त्या काळच्या समाजसेवकांनी आणि डॉक्टरांनी वारंवार व्यक्त केली आहे. आज अफूची जागा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या सरबताने घेतली आहे. बाटली शोभिवंत झाली, वृत्ती तीच राहिली. मुलाची सोय पाहायची की भोवतालच्यांची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आताही आहे.

अशा औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट बेफाम होतात, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. आणि जी झोपतात त्यांचा श्वास मंदावण्याची भीती असते, तीही जेथे हवा पाऊणपट दाबाची आहे आणि जवळपास रुग्णालय नाही अशा ठिकाणी. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या सरबतातले क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश कंपन्यांना दिला. आजारी मुलासाठी जे वर्ज्य, ते निरोगी मुलाला केवळ गप्प बसवण्यासाठी कसे चालेल?

येथवरचे सारे आईबापांच्या हातातले होते. आता जे सांगणार आहोत ते आजच्या व्याख्यानाचे मर्म आहे, आणि ते केवळ आईबापांच्या हातातले नाही. विमानात दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी खुर्ची घ्यावी लागत नाही. ते आईच्या किंवा बापाच्या मांडीवर बसते. जगभर हीच रीत आहे. विमानातली कॉफीची किटली बांधून ठेवतात, डोक्यावरच्या कप्प्यांना खटके असतात, प्रत्येक प्रौढाच्या कमरेला पट्टा असतो. सैल सुटलेली वस्तू म्हणून एकच उरते, ती म्हणजे तान्हे मूल.

१९ जुलै १९८९ ची गोष्ट आहे. अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या एका मोठ्या विमानाचे शेपटीतले इंजिन आकाशातच फुटले आणि विमान वळवण्याची सारी साधने निकामी झाली. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत वैमानिकांनी ते विमान सू सिटी या गावाच्या धावपट्टीपर्यंत आणले, हेच नवल. विमानात २९६ माणसे होती. त्यांत चार मुले मांडीवरची होती. विमान आदळण्यापूर्वी त्यांच्या आईबापांना त्या काळच्या नियमाप्रमाणे सांगण्यात आले, की मुलांना पायांशी जमिनीवर ठेवा आणि घट्ट धरा. विमान आदळले, मोडले, पेटले. ११२ माणसे दगावली, १८४ वाचली. मांडीवरच्या चौघांपैकी एक मूल गेले. आणखी एक तान्ही मुलगी आईबापांच्या हातून सुटून सामानाच्या कप्प्यात जाऊन पडली होती. बाहेर पडलेला एक प्रवासी तिचे रडणे ऐकून धुरात परत शिरला आणि त्याने तिला उचलून आणले. येथेही रडण्यानेच जीव वाचवला, हे लक्षात घ्या.

त्या विमानातील मुख्य सेविका जान ब्राऊन यांनी स्वतःच ती सूचना आईबापांना दिली होती. जिचे मूल गेले ती आई बाहेर त्यांना भेटली. त्यानंतर ब्राऊनबाईंनी वर्षानुवर्षे एकच मागणी लावून धरली: प्रत्येक मुलाला स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा पट्टा हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही तशी शिफारस केली.

'पण आईच्या मिठीइतके सुरक्षित दुसरे काय?' असे कोणी विचारील. भावनेने हे खरे आहे, गणिताने नाही. अलीकडच्या विमानांतल्या खुर्च्या गुरुत्वाच्या सोळापट धक्क्याला टिकाव्यात अशा कसोटीने पारखतात. तेवढा धक्का बसला तर दहा किलोचे मूल त्या क्षणापुरते एकशे साठ किलोचे होते. गव्हाच्या दीड पोत्याहून अधिक वजन क्षणात हातातून निसटू पाहते. ते पहिलवानालाही आवरणार नाही. आणि मुलाला आपल्याच पट्ट्याच्या आत घेऊन बसावे, तर आणखी वाईट. धक्क्यासरशी आईच्या अंगाचा सारा भार पट्ट्यावर येतो आणि मूल मध्ये चेंगरते. म्हणून मोठ्यांचा पट्टा मोठ्यानेच बांधावा, मूल त्याच्या बाहेर असावे.

अपघात दुर्मिळ असतो हे मान्य. हवेतले धक्के दुर्मिळ नसतात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडले. पाच सेकंदांहून कमी वेळात ते १७८ फूट खाली आले. पट्टा न बांधलेली माणसे छतावर आपटली आणि एक वृद्ध प्रवासी दगावला. त्याच वर्षी ५ जानेवारीला अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या विमानाच्या भिंतीचा दाराएवढा तुकडा सुमारे सोळा हजार फुटांवर निखळून पडला. त्या भोकालगतच्या दोन खुर्च्या सुदैवाने रिकाम्या होत्या. विमानात मांडीवरची तीन मुले होती.

मग सरकारे प्रत्येक मुलाला खुर्ची सक्तीची का करीत नाहीत? याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. कारण ते आळसाचे नाही, हिशेबाचे आहे. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने २००५ साली या प्रश्नाचा विचार करून सक्ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे, की मुलासाठी पूर्ण तिकीट घ्यावे लागले तर काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील; आणि रस्ता हा विमानापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे. विमानात एखादे मूल वाचेल, आणि रस्त्यावर त्याहून अधिक जातील. २००३ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता.

हा युक्तिवाद आम्हांला खोटा वाटत नाही. आपल्या देशात तर तो अधिकच लागू पडतो. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. विमानाचे भाडे परवडत नाही म्हणून जे कुटुंब रात्रीच्या गाडीने घाट उतरते, ते मुलाला अधिक धोक्यात नेते, यात शंका नाही. म्हणून 'खुर्ची घ्या, नाहीतर जाऊ नका' असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण त्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तिथेच आमचा आक्षेप आहे. मुलाच्या खुर्चीला पूर्ण तिकिटाचे दाम पडलेच पाहिजेत, हे कोणी ठरवले? ते निसर्गाने ठरवलेले नाही. एस.टी.त लहानग्यांना अर्धे तिकीट असते, ते समाजाने ठरवले म्हणून असते. विमानात मांडीवरच्या मुलाचेही काही भाडे घेतातच. रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांवर तान्ह्यांना बसवावे, दोन वर्षांखालच्या मुलाच्या खुर्चीला नाममात्र दर लावावा, एवढे केले तर सक्तीची गरजही उरणार नाही आणि रस्त्याची भीतीही राहणार नाही. ज्या प्रश्नाला 'जीव की पैसा' असे रूप आलेले दिसते, तो पुष्कळदा 'कोणाचा पैसा' एवढाच असतो.

आणि तत्त्व तर आपण मान्य केलेले आहेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला शिरस्त्राण आणि चालकाला जोडणारा पट्टा असावा, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत असावा. स्कूटरवर जे न्याय्य, ते ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या वाहनात अन्याय्य कसे होईल?

तोवर काय करावे? ज्यांना परवडेल त्यांनी मुलाला वेगळी खुर्ची घ्यावी आणि विमानात वापरण्यास योग्य असा शिक्का असलेली मोटारीतली बाळखुर्ची चालेल का, हे कंपनीला आधी विचारावे. ती खिडकीशी बांधावी, म्हणजे कोणाची वाट अडत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी आपल्या पट्ट्याला ओवायचा बाळाचा छोटा पट्टा हवाई सेविकेकडून मागून घ्यावा. या पट्ट्याविषयी देशोदेशी मतभेद आहेत. युरोपात तो बांधावाच लागतो. अमेरिकेत तो वापरू देत नाहीत. कारण जोराच्या धडकेत मूल त्यात आईपुढे सापडते. आपल्याकडे तो देतात, आणि हवेतल्या धक्क्यांत मूल उडून जाण्यापासून तो वाचवतो. लांबच्या विमानात पुढच्या भिंतीला पाळणा अडकवून देतात. तो मर्यादित वजनाच्या बाळांपुरता असतो, म्हणून आधी नोंदवावा लागतो. आणि पट्टा बांधण्याचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून उचलून घ्यावेच लागते. वाटेच्या कडेच्या खुर्चीवर मूल मांडीवर घेऊन बसू नये. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हातातला चहा त्याच्या डोक्यावरून जात असतो. विमानात मुलांना होणाऱ्या इजांत गरम पेयाने भाजणे हा प्रकार बराच आढळतो, आणि तो टाळणे सर्वांत सोपे आहे.

एक सूचना तर प्रत्येक उड्डाणाच्या वेळी दिली जाते आणि कोणीही ऐकत नाही. प्राणवायूचे मुखवटे खाली आले, तर आधी स्वतःचा बांधा, मग मुलाचा. आईच्या मनाला ही आज्ञा उफराटी वाटते. आधी लेकराला भरवून मग आपण जेवायचे, हे तिच्या हाडीमाशी भिनलेले असते. पण पस्तीस हजार फुटांवर प्राणवायूवाचून माणसाचे भान अर्धा ते एक मिनिटच टिकते. मुलाच्या धडपडीत ते मिनिट गेले, तर आई बेशुद्ध होईल आणि मुलाचा मुखवटा बांधायला कोणीच उरणार नाही. आईने स्वतःला जपणे हा स्वार्थ नव्हे, मुलाचा तो पहिला आधार आहे, हे आकाशातले शास्त्र सांगते. जमिनीवरच्या घरांनीही ते ऐकायला हरकत नाही.

आता शेवटचा भाग, आणि तो आपणा सर्वांचा आहे; ज्यांना तान्हे मूल नाही त्यांचाही. एस.टी.त मूल रडू लागले, तर शेजारची अनोळखी बाई हात पुढे करते, मागचा म्हातारा टोपी हलवून दाखवतो, कोणी लिमलेटची गोळी काढते. मूल आईचे असते, पण रडणे साऱ्या गाडीचे असते. तीच माणसे विमानात बसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तिकीट महाग म्हणून शांतताही विकत घेतली असे त्यांना वाटते. कंपन्यांनी ही नाराजी हेरली. मलेशियाच्या एका कंपनीने २०१३ साली दहा वर्षांखालच्या मुलांना बंदी असलेल्या 'शांत' रांगा ठेवल्या. २०१६ साली आपल्या देशातही बारा वर्षांखालच्या मुलांसाठी काही रांगा बंद झाल्या. ज्याला झोप हवी त्याने अशी रांग घ्यावी, तक्रार नाही. पण त्यातून 'मूल म्हणजे उपद्रव' ही समजूत रुजू नये.

आणि या समजुतीची किंमत कोण देते? बाप नव्हे, बहुधा आईच देते. परक्यांच्या नजरांना भिऊन ती प्रवासच टाळते. परगावच्या परीक्षेला जात नाही, कामाच्या बैठकीला जात नाही, आजारी वडिलांना भेटायला जात नाही. मुलाला गुंगीचे औषध देण्याचा मोह होतो तोही या नजरांपायीच. लंडनमधला विमाने उडवून देण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीस आला, तेव्हा तेथील विमानतळांवर आयांना पहारेकऱ्यांसमोर बाळाच्या बाटलीतले दूध स्वतः चाखून दाखवावे लागत होते. तो प्रसंग निराळा होता आणि भीतीही खरी होती. द्रव पदार्थांवर तेव्हा निर्बंध आले ते टिकले, पण बाळाचे दूध आणि खिमट यांना प्रवासापुरती सवलत मिळाली. राज्यव्यवस्था बाळासाठी नियम वाकवू शकते, तर शेजारी बसलेला माणूस कपाळाची आठी का मोडू शकत नाही? विमानात कामाला नेमलेल्या पहिल्या स्त्रिया, १९३० सालच्या, मुळात परिचारिका होत्या. आपण त्यांना हवाई सुंदरी म्हणू लागलो आणि त्यांच्या कामातली शुश्रूषा विसरलो. ती थोडी आपल्या वाट्यालाही यावी.

एप्रिल २०२४ मध्ये आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालकांनी कंपन्यांना सांगितले, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईजवळ किंवा वडिलांजवळ, निदान बरोबरच्या पालकाजवळ, खुर्ची द्यावी. हे सांगावे लागले, यातच सारे आले. कुटुंबांनी तक्रारी केल्या म्हणून ते झाले. तशीच मागणी तान्ह्यांच्या खुर्चीच्या दरासाठी का होऊ नये? ग्राहकांच्या संस्था आहेत, महिला मंडळे आहेत, लोकप्रतिनिधी आहेत. एक अर्ज लिहायला संध्याकाळ पुरते.

तात्पर्य, आईबापांनी कान, औषध आणि पट्टा यांची काळजी घ्यावी. कंपन्यांनी आणि सरकारने खुर्चीची घ्यावी. आणि उरलेल्या आपण सर्वांनी त्या आईची घ्यावी. मांडीवरच्या प्रवाशाला मत नाही, तक्रारवही नाही, ग्राहक म्हणून हक्क सांगण्याची वाणी नाही. त्याच्याजवळ एक रडणे आहे. त्याचा अर्थ लावणे हे मोठ्यांचे काम आहे.